खलाशाला उचल, डॉक्टरला उपदेश

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा. विषय आपल्याकडे डॉक्टर का टिकत नाहीत हाच, पण यात मी सरकारला कमी आणि आपल्याला जास्त बोलणार आहे. तेव्हा काही जणांना राग येणारच.

गावच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तेच सुरू होतं. अमुक केंद्रातला डॉक्टर सोडून गेला, तमुक ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, बाळंतिणीला रात्री रत्नागिरीला पाठवलं. खाली धडाधड कमेंटी. "यांना पुण्या-मुंबईतच पैसे कमवायचेत." "आमच्या टॅक्समधून शिकले आणि आम्हालाच विसरले." "सेवाभाव राहिला नाही." दोन दिवस हे चालतं आणि मग कोणीतरी गणपतीपुळ्याच्या ट्रॅफिकचा व्हिडिओ टाकतो, विषय संपतो. त्या डॉक्टरला इथे यायच्या आधी कोणी काय देऊ केलं होतं, हे विचारणारी एक कमेंट मला अजून दिसलेली नाही.

माझं म्हणणं साधं आहे. डॉक्टरनं बिऱ्हाड उचलून आपल्याकडे यायचं हा व्यवहार आहे. व्यवहार म्हटला की तो आधी बोलायचा असतो, लेखी करायचा असतो, रकमेसकट आणि मुदतीसकट. आपण तो बोलतच नाही. आला की हार घालतो, गेला की शिव्या घालतो.

आणि व्यवहार आपल्याला कळत नाही असं कोणी म्हणू नये. मासेमारीचा हंगाम १ ऑगस्टला सुरू होतो. बोटीचा मालक त्याच्या कितीतरी आधी खलाशांच्या मागे लागलेला असतो. खलाशी नेपाळचा असो नाहीतर परराज्यातला, त्याला उचल जाते, येण्याचं भाडं जातं, बोटीवर जेवणाची सोय असते, पगार किती आणि हिशेब कधी हे तोंडी का होईना पण पक्कं ठरलेलं असतं. एखादा उचल घेऊन पळतो. मालक आठ दिवस त्याच्या नावानं बोंब मारतो, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला पुन्हा उचल देतो. कारण खलाशी नाही तर बोट बंदरातच राहणार, हे त्याला माहीत आहे.

आंब्याच्या बागेचंही तेच. राखणीला नेपाळी कुटुंब येतं तेव्हा बागायतदार आधी खोपटं शाकारून घेतो, पाण्याची सोय बघतो, शिधा भरतो. बायको-पोरं बरोबर येणार का हे विचारतो, कारण कुटुंब बरोबर असलं की माणूस हंगाम पुरा करतो हे त्याला अनुभवानं कळलेलं आहे.

म्हणजे माणूस लांबून आणायचा कसा आणि टिकवायचा कसा हे शास्त्र आपल्या घराघरात आहे. फक्त डॉक्टरच्या बाबतीत ते आपण वापरत नाही. तिथे एकदम उपदेश सुरू होतो.

आता डॉक्टरला आपण देतो काय ते बघू. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा पगार सरकारी तक्त्यात ठरलेला. सातव्या वेतन आयोगात एमबीबीएस अधिकाऱ्याचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं, वर भत्ते. घरभाडे भत्ता मुंबईत सगळ्यात जास्त टक्के आणि गावात सगळ्यात कमी. म्हणजे लांब जाणाऱ्याला कमी, असा उलटा हिशेब. केंद्राच्या आवारातलं क्वार्टर मिळालं की तोही भत्ता गेला, मग त्या क्वार्टरची कौलं फुटलेली असोत नाहीतर भिंतीला ओल असो. बदली विनंतीवरून झाली असेल तर सामान हलवायचा खर्च खिशातून. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी आलात तर करार अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांच्या करारावर कोण आपल्या मुलाची शाळा बदलेल? तुम्ही बदलाल?

माझ्या ओळखीतली एक मुलगी, एमबीबीएस झालेली, आपल्याच जिल्ह्यातल्या एका केंद्रात रुजू व्हायला गेली. केंद्राचं नाव घेत नाही, आणि ते मालगुंड नव्हे हेही सांगून ठेवतो. रुजू व्हायच्या आधी तिनं फोन करून पाच-सहा साधे प्रश्न विचारले होते. राहायची खोली कुठली? रात्री आवारात कोण असतं? दुसरा डॉक्टर आहे का, नसेल तर माझ्या रजेत कोण येणार? पहिला पगार कितव्या महिन्यात हातात पडतो? तिला मिळालेलं उत्तर होतं, "मॅडम, या तर खरं, आल्यावर बघू." ती गेली. आल्यावर कोणी काही बघितलं नाही. संडासाच्या दाराला कडी नव्हती, ती तिनं स्वतः सुतार बोलावून बसवली. सात महिन्यांत ती गेली, आणि गावानं म्हटलं की शहरातली पोर, हिला काय जमणार.

कडीला किती रुपये लागतात हो?

इथे कोणीतरी डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव काढणार. काढायलाच हवं, आपल्या कोकणाचं भाग्य आहे ते. जालन्याकडचा माणूस, नागपूरला शिकलेला, १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. विंचू चावून माणसं मरत होती, त्यांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या. १९८२ आणि १९८६ साली ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचूदंशावर लागू पडते हे जगाला कळलं. २०२२ साली पद्मश्री मिळाली. पुढे एमडी होऊनसुद्धा ते महाडलाच आले. असा माणूस कोकणाला मिळाला, त्याला नमस्कार. पण रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून किती केंद्रं आहेत आणि त्यातून बावस्कर किती निघाले? शंभरात एक साधू निघतो म्हणून बाकी नव्याण्णवांना घर, रजा आणि सोबत न देता साधू व्हायला सांगणं ही आपली लबाडी आहे. आणि एवढं करून त्या साधूलाही आपण सत्कारापलीकडे काय दिलं, हा प्रश्न राहतोच.

दुसरा लाडका उपाय बॉण्डचा. सरकारी कॉलेजात शिकले ना, मग एक वर्ष सक्तीनं पाठवा, नाही गेले तर एमबीबीएसला १० लाख आणि पीजीला ५० लाख दंड घ्या. बॉण्ड असावा, मी विरोधात नाही. पण बॉण्डवाला डॉक्टर एक वर्षासाठी येतो, त्यातला बराच काळ पीजीच्या परीक्षेच्या पुस्तकात असतो, आणि इथली माणसं ओळखीची व्हायला लागली की त्याचं वर्ष भरतं. जिभेवर 'शुगरची पांढरी गोळी' एवढीच माहिती असलेल्या आपल्या म्हाताऱ्यांना दर वर्षी नव्या डॉक्टरपुढे पहिल्यापासून रामायण सांगावं लागतं. फुरसं चावलेला माणूस समोर आला की सर्पविषाचं इंजेक्शन द्यायचं धाडस अनुभवानं येतं, कारण त्या इंजेक्शनचीच रिॲक्शन येऊ शकते आणि ती सांभाळावी लागते. नवा पोरगा घाबरतो आणि गाडी रत्नागिरीकडे काढतो. आरे-वारेच्या रस्त्यानं पाऊणएक तास. चावलेल्याच्या अंगात तेवढा वेळ विष फिरतंय. तिसऱ्या वर्षाचा डॉक्टर तिथेच पहिला डोस देऊन मग गाडी काढतो. आपल्याला हवा आहे तो हा तिसऱ्या वर्षाचा डॉक्टर, आणि तो दंडाच्या धाकानं मिळत नाही.

रत्नागिरीला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, आता प्रश्न सुटला, असंही ऐकतो. २०२३ साली पहिली शंभर पोरं आली. साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिप धरा, ती बाहेर पडायला २०२९ उजाडणार. आणि बाहेर पडल्यावर तीही हेच प्रश्न विचारणार आहेत, खोली कुठली, रजेत कोण.

गंमत बघा. आपल्याच जिल्ह्यातली काही मुलं डॉक्टर होऊन अमेरिकेला गेली. तिथे 'कॉनरॅड ३०' नावाची योजना आहे. बाहेरून आलेल्या डॉक्टरनं जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम केलं तर त्याला मायदेशी परत पाठवत नाहीत. दर राज्याला वर्षाला अशा ३० जागा. म्हणजे आपला पोरगा तिथल्या कुठल्यातरी धुळकट खेड्यात, जवळचं शहर दोन तासांवर, बर्फात, तीन वर्षं आनंदानं काढतो. त्याचे आईवडील इथे पेढे वाटतात. का राहतो तो? सेवाभाव अचानक विमानात बसल्यावर आला का? त्याच्या हातात कागद असतो. पगार, मुदत, सामान हलवायचा खर्च, सुट्ट्या, आणि तीन वर्षांनंतर काय मिळणार हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. लवकर सोडलं तर काय परत करायचं तेही त्यात असतं. इंग्लंडात तर नोकरीसाठी घर बदलायला मालकानं दिलेली ८,००० पौंडांपर्यंतची रक्कम करमुक्त आहे. घर बदलायला खर्च येतो हे तिथल्या इन्कमटॅक्सवाल्यालासुद्धा समजतं, आपल्या ग्रामसभेला समजत नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असंही म्हणणार नाही. आरोग्य अभियानात विशेषज्ञांसाठी 'तुम्ही आकडा सांगा, आम्ही देतो' अशी सवलत राज्यांना आहे. अवघड भागासाठी भत्त्याची तरतूद आहे. पण नुसत्या आकड्यानं भागत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ लाखो रुपये देऊन आणली आणि भूलतज्ज्ञ नाही, रक्त साठवायची सोय नाही, तर ती सिझेरियन करणार कशी? ती ओपीडीत बसून कागदावर 'रेफर' लिहिणार. दोन महिन्यांत तिच्या लक्षात येतं की आपण शिकलो ते विसरायला इथे बसलोय. पैसे मिळत असूनही माणूस जातो तो असा. म्हणून बोलणी एकट्या डॉक्टरशी करून उपयोगी नाही, जोडीनं करावी लागतात. हे मात्र जिल्ह्याच्या पातळीचं काम आहे, गावाच्या हातातलं नाही.

मग गावाच्या हातात काय आहे? पगार नाही, तो विषय सोडून द्या. पण बाकीचं बरंच आहे.

घर आहे. सरकारी क्वार्टर दुरुस्त करायला रुग्ण कल्याण समिती आहे, जिल्हा परिषदेची परवानगी आहे, आणि वित्त आयोगाच्या निधीतला जो अबंधित भाग असतो तो पगारावर खर्च करता येत नसला तरी गावाच्या गरजेवर करता येतो. त्या यादीत डॉक्टरचं छप्पर कधी बसलंय? पाखाडी बसते, विसर्जन घाट बसतो, हायमास्ट तर बसतोच. आणि क्वार्टर होईपर्यंत? अहो, मालगुंड-गणपतीपुळ्यात पर्यटकांसाठी किती खोल्या आहेत ते मोजा. चाकरमान्यांची बंद घरं मोजा. दहा महिने कुलूप आणि दोन महिने गणपती-मे. त्यातलं एक चांगलं चिरेबंदी घर गावानं तीन वर्षांच्या करारानं भाड्यानं घेऊन डॉक्टरच्या कुटुंबाला दिलं तर कोणाचं काय जाईल? मालकाचं घर झाडलोट होऊन राहील, वाळवी तरी लागणार नाही.

जोडीदाराची नोकरी आहे. डॉक्टर बाई असेल तर नवरा काय करतो हे विचारा, पुरुष असेल तर बायको काय करते ते विचारा. जोडीदार सरकारी नोकरीत असेल तर पती-पत्नी एकत्रीकरणाच्या नियमाखाली बदली मागता येते, त्यासाठी गावानं आमदारांकडे, पालकमंत्र्यांकडे पाठपुरावा करावा. एरवी वाडीतल्या सभामंडपासाठी आपण मुंबईपर्यंत जातोच. खाजगी नोकरीत असेल आणि घरून काम करणारा असेल तर त्याला चालणारं इंटरनेट लागेल. पावसात वीज गेली की टॉवर झोपतो, हे त्याला आल्यावर कळण्यापेक्षा आधी सांगा आणि इन्व्हर्टरची सोय करा.

जयगडला बंदर आहे, वीजप्रकल्प आहे. कंपन्यांना कायद्यानं नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यांच्याकडे आपण कमानी आणि क्रिकेट स्पर्धेचे चषक मागत बसतो. स्वतःचा इंजिनिअर बाहेरून आणताना कुठल्याही मोठ्या कंपनीला राहण्याची, मुलांच्या शाळेची सोय बघावीच लागते. हे कसं करतात ते त्यांच्याच एचआरवाल्याला ग्रामपंचायतीत बोलावून विचारा ना एकदा.

आणि रजा. हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. एकटा डॉक्टर चोवीस तास मुख्यालयी असला पाहिजे हा आपला आग्रह. मुख्यालयी राहतो की नाही यावर ग्रामसभेत घसा फोडून बोलणारे आहेत आपल्याकडे. पण त्याच्या बहिणीचं लग्न, त्याची पीजीची परीक्षा, मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीसाठी पाच वर्षांत जमवायचे ३० क्रेडिट पॉइंट, हे सगळं त्यानं कधी करायचं? बदली डॉक्टर कोण येणार हे वर्षाच्या सुरुवातीला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. त्यासाठी भांडा. त्या भांडणात गाव डॉक्टरच्या बाजूनं उभं दिसलं तर तो माणूस सहा महिने जास्त राहील, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो.

आपल्या वागण्याचंही बोलू. दारू पिऊन मारामारी करून रात्री दोन वाजता इंज्युरी सर्टिफिकेट 'जरा मोठं' लिहून द्या म्हणणारे आपणच. कामावर दांडी मारून आजारपणाचा खोटा दाखला मागणारे आपणच. विकेंडला पुळ्याच्या समुद्रात कोणी बुडालं आणि प्राण गेल्यावर आणलं तरी पहिली कॉलर डॉक्टरची धरणारी गर्दी आपल्याच समोर जमते, आणि आपण मोबाईल काढून उभे राहतो. डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण रात्री आवारात एक माणूस आणि गेटवर एक दिवा नसेल तर कायद्याचं पुस्तक काय कामाचं? २०२४ साली कोलकात्यात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीचं जे झालं त्यानंतर कुठल्या आईबापांनी आपली मुलगी "आल्यावर बघू" म्हणणाऱ्या केंद्रात पाठवावी?

आता दोन शब्द डॉक्टरांसाठी, कारण काही जण ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. तुमचंही चुकतं. तुम्ही मागतच नाही. संकोचानं "बघू, ॲडजस्ट करू" म्हणता आणि मग मनात खदखदत राहून एक दिवस बॅग भरता. जुनी नोकरी सोडायच्या आधी सगळं कागदावर मागा. खाजगी हॉस्पिटलनं रत्नागिरीला बोलावलं तर पहिले सहा महिने किंवा वर्षभर मिनिमम गॅरंटी किती, ती संपल्यावर टक्केवारी कशावर, नोटीस किती महिन्यांची, केस झाली तर वकील कोणाचा, हे विचारा. पगार म्हणून देणार की व्यावसायिक फी म्हणून, तेही विचारा, कारण फीतून १० टक्के टीडीएस कापला जातो आणि रजा, पीएफ वगैरे काही राहत नाही. सामान हलवायचे पैसे दिले तर लवकर सोडल्यास किती परत करायचे ते ठरवा. राहिलेल्या महिन्यांच्या हिशेबात परत करणं रास्त आहे. सगळे परत करा म्हणणारा मालक पुढेही तसाच वागणार. आणि बोलणी करायला येणार असाल तर जुलैत या. डिसेंबरात कोकण सगळ्यांनाच आवडतं. जुलैत छप्पर, रस्ता, वीज आणि शेजारी, चारही कळतात.

आपल्या गावाला हे नवीन नाही खरं तर. ज्यांचं स्मारक आपण पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो ते केशवसुत पोटासाठी मास्तरकी करत मुंबई, खानदेश, धारवाड फिरले आणि १९०५ साली हुबळीला प्लेगनं गेले. परगावी बिऱ्हाड थाटणं म्हणजे काय हे मालगुंडच्या घराघरात माहीत आहे. प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईला दहा बाय दहाच्या खोलीत राहिलेला आहे. मग परका माणूस आपल्या गावात येतो तेव्हा आपल्याला एवढं विसरायला का होतं?

मी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यावा म्हणून अर्ज देतोय. मागणी फार नाही. आरोग्य केंद्रात येणाऱ्या डॉक्टरला गाव काय देणार याचं एक पानी पत्र ठरावानं मंजूर करायचं: घर कुठलं, दुरुस्ती कोण करणार, रात्रीचा माणूस कोण, रजेच्या बदलीसाठी पाठपुरावा कोण करणार, आणि या सगळ्याला जबाबदार पंचायतीतला एक माणूस, त्याच्या फोन नंबरसकट. हे पत्र डॉक्टर रुजू व्हायच्या आधी त्याच्या हातात गेलं पाहिजे. बदल्यात त्यानं तीन वर्षं राहायची तयारी दाखवावी. सरकारी बदल्यांच्या २००५ च्या कायद्यातही साधारण मुदत तीन वर्षांचीच आहे, म्हणजे आपण जगावेगळं काही मागत नाही.

अर्जाचा मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. त्यात काय वाढवायचं, काय काढायचं ते सांगा. ज्यांची घरं बंद आहेत आणि तीन वर्षांच्या करारानं द्यायची तयारी आहे त्यांनी इनबॉक्स करा, भाडं किती हवं तेही कळवा. "डॉक्टरांना सेवाभाव नाही" एवढंच लिहायचं असेल त्यांनीही जरूर लिहा, फक्त त्याखाली डॉक्टरच्या रजेत कोण येणार त्याचं नाव लिहा.